क्रॅनबेरी : फायदा किती, गैरसमज किती आणि स्वयंपाकात वापर कसा?

गेल्या वर्षी माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी सलग चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिच्या अम्मी भेटायला आल्या. दार लोटून हळू आवाजात म्हणाल्या, "टीचर, तिला पेशाबाला जळजळ होत होती. खालाने मोबाइलवर मेसेज पाठवला होता, क्रॅनबेरीचा ज्यूस पाजा, दोन दिवसांत आराम पडतो. आम्ही आठवडाभर पाजला. मग थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा यायला लागल्या." डॉक्टरांनी सांगितलं की इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत पोहोचलं आहे. मुलीला दवाखान्यात भरती करावं लागलं. आता ती बरी आहे, अल्हम्दुलिल्लाह.

त्या ज्यूसने मुलीचं काही वाईट केलं नव्हतं. नुकसान केलं ते त्याच्या भरवशावर वाया गेलेल्या आठ दिवसांनी.

तेव्हापासून मी या फळाबद्दल मिळेल ते वाचत गेले. मेसेज साफ खोटा होता असंही नाही आणि पूर्ण खरा होता असंही नाही. म्हणून हा लेख. क्रॅनबेरी काय आहे, ती कुणाच्या कामाची आहे, कुणाच्या नाही, आणि घरी आणलीच तर शिजवायची कशी, हे सगळं एका ठिकाणी सांगायचा प्रयत्न आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगते : लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होत असेल तर ते टाळायला क्रॅनबेरी काही जणांना मदत करते. झालेलं इन्फेक्शन ती बरं करत नाही.

क्रॅनबेरी म्हणजे काय?

क्रॅनबेरी हे मूळ उत्तर अमेरिकेतलं फळ. शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन. ब्लूबेरी तिची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. जमिनीलगत पसरणारा, बारीक पानांचा, सदाहरित वेल असतो. फळ मोठ्या बोराएवढंही नसतं, पण रंग गडद लाल आणि चव एकदम आंबट, शिवाय तुरट. पिकलेलं फळ तसंच तोंडात टाकलं तर चेहरा वाकडा होतो. नावाची गोष्टही मजेशीर आहे. तिच्या फुलाचा आकार क्रेन, म्हणजे सारसासारख्या लांब मानेच्या पक्ष्याच्या डोक्यासारखा दिसतो. म्हणून आधी 'क्रेनबेरी' आणि बोलता बोलता 'क्रॅनबेरी'.

युरोपीय लोक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेचे मूळ रहिवासी हे फळ वापरत होते. सुकवलेलं मांस, चरबी आणि अशी रानफळं कुटून ते 'पेमिकन' नावाचं टिकाऊ खाणं बनवत. कापड रंगवायला आणि जखमेवर लेप लावायलाही ही फळं वापरत. पुढे लांबच्या सफरीवर जाणारे खलाशी पिंपं भरून क्रॅनबेरी नेऊ लागले, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे स्कर्व्हीपासून बचाव होई. या रोगात हिरड्यांतून रक्त येतं.

रानातलं हे फळ शेतात आणण्याचं श्रेय मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेन्री हॉल या माणसाला दिलं जातं. केप कॉड भागातल्या डेनिस गावी 1816 च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की वाऱ्याने उडालेली वाळू ज्या वेलांवर पडते ते वेल जास्त जोमाने वाढतात. मग त्याने मुद्दाम वाळू टाकून लागवड सुरू केली. आजही शेतकरी दर काही वर्षांनी वेलांवर वाळूचा थर देतात.

आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक एकट्या विस्कॉन्सिन राज्यातून येतं. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स. कॅनडात क्विबेक आणि ब्रिटिश कोलंबिया, आणि दक्षिण अमेरिकेत चिली इथेही मोठी लागवड आहे. 1930 साली अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी 'ओशन स्प्रे' नावाची सहकारी संस्था काढली. आपल्याकडे उसाचे सहकारी कारखाने असतात तसाच हा प्रकार, मालक शेतकरीच. जगभर क्रॅनबेरीचा ज्यूस पोहोचवण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

हे फळ पाण्यात उगवतं का?

फोटोत लाल फळांचा तलाव आणि त्यात कमरेपर्यंत उभी असलेली माणसं दिसतात. त्यावरून क्रॅनबेरी कमळासारखी पाण्यात उगवते असा समज होतो. तसं नाही. वेल वाढतो तो वाळू आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या आंबट मातीत. पाणी सोडतात ते मुख्यतः तोडणीच्या वेळी, आणि कडक थंडीत वेल वाचवण्यासाठी.

तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. शेतात पाणी भरतात, फिरत्या दांड्यांचं यंत्र चालवून फळं वेलापासून सुटी करतात. प्रत्येक फळाच्या आत हवेचे चार छोटे कप्पे असतात, त्यामुळे ती आपोआप वर तरंगतात. मग ती एका बाजूला लोटून गोळा करतात. हा माल ज्यूस, सॉस आणि सुकी फळं करण्यासाठी जातो. ताजी विकायची फळं कोरड्या शेतातच कंगव्यासारख्या यंत्राने तोडतात. हवेच्या त्याच कप्प्यांमुळे चांगलं फळ चेंडूसारखं उसळतं आणि सडलेलं जागीच बसतं. जुन्या काळापासून फळं निवडण्याची ही पद्धत आहे.

करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे

हा घोळ आपल्याकडे फार आहे, आणि त्याचं एक कारण भाषांतर आहे. उर्दू आणि हिंदीत आरोग्याचे लेख लिहिणारे क्रॅनबेरीचं भाषांतर बिनदिक्कत 'करौंदा' असं करतात. करौंदा म्हणजे आपलं करवंद. इंग्रजीतून उर्दूत, उर्दूतून मराठीत येता येता अमेरिकेच्या फळाचे गुण सह्याद्रीच्या फळाला चिकटतात. बाजारातही करवंदाला 'इंडियन क्रॅनबेरी' म्हणून विकणारे आहेत.

दोन्ही फळं आंबट आणि लालसर, साम्य एवढंच. करवंदाची काटेरी जाळी असते, फळ तोडलं की पांढरा चीक येतो. ते कण्हेर, चाफा आणि सदाफुलीच्या कुळातलं. क्रॅनबेरी ब्लूबेरीच्या कुळातली, तिला ना काटे ना चीक. करवंद चांगलं फळ आहे. उन्हाळ्यात डोंगरची काळी मैना आली की द्रोणभर खावी, कच्च्या करवंदाचं लोणचं घालावं. पण लघवीच्या इन्फेक्शनसंबंधी ज्या चाचण्या झाल्या त्या क्रॅनबेरीवर झाल्या, करवंदावर नाही. त्यांचे निष्कर्ष करवंदाला लावता येत नाहीत.

जाता जाता एक सांगते. बेकरीच्या केकवर जी लालभडक 'चेरी' असते, ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असते. म्हणून सुकी क्रॅनबेरी सुटी घेण्यापेक्षा बंद पाकिटातली, घटक छापलेली घ्यावी.

पोषण : ताजं, सुकं आणि ज्यूस यात जमीन-अस्मानाचा फरक

100 ग्रॅम ताज्या क्रॅनबेरीत साधारण हे असतं :

• पाणी : 87 ग्रॅम
• ऊर्जा : 46 कॅलरी
• साखर : 4 ग्रॅमच्या आसपास
• तंतू (चोथा) : साधारण 4 ग्रॅम
• क जीवनसत्त्व : 14 मिलिग्रॅम

म्हणजे ताजं फळ साखरेला कमी आणि चोथ्याला बरं. क जीवनसत्त्वासाठी मात्र क्रॅनबेरीच्या मागे धावण्याची गरज नाही. आपल्या पेरूत ते याच्या दहापटीहून जास्त असतं, आवळ्यातही भरपूर.

आता सुकी क्रॅनबेरी बघा. फळ इतकं आंबट असल्यामुळे सुकवताना त्यात साखरेचा पाक मुरवतात. परिणामी 100 ग्रॅम सुक्या, गोड क्रॅनबेरीत 300 च्या वर कॅलरी आणि 70 ग्रॅमपेक्षा जास्त साखर असते. क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. पाव कप, म्हणजे 40 ग्रॅम खाल्ली तर साधारण 29 ग्रॅम साखर पोटात जाते. ड्रायफ्रूट म्हणून बदामाच्या पंगतीत बसवली तरी हिशोबाने ती मिठाईच्या जवळची आहे.

ज्यूसचंही तेच. 'कॉकटेल' किंवा 'ज्यूस ड्रिंक' असं लिहिलेल्या बाटलीत क्रॅनबेरीचा रस बहुधा पाव हिश्श्याच्या आसपास, बाकी पाणी आणि साखर. मोठ्या ग्लासात, म्हणजे 240 मिलिलिटरमध्ये, जवळपास 30 ग्रॅम साखर निघते. चहाच्या चमच्याने मोजली तर सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असं सुचवते. इथे एका ग्लासातच तो कोटा संपला.

लघवीच्या इन्फेक्शनवर ती नेमकं काय करते?

बहुतेक वेळा हे इन्फेक्शन ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतं. हा जंतू आपल्या आतड्यात राहतो. तिथून तो मूत्रमार्गात शिरला आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटला की त्रास सुरू होतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्याने जंतूंचा प्रवास सोपा होतो. म्हणून हा आजार बायका-मुलींमध्ये जास्त.

क्रॅनबेरीमुळे लघवी आम्लधर्मी होते आणि जंतू मरतात, असं आधी समजलं जायचं. 1984 साली प्रयोगांतून वेगळीच गोष्ट पुढे आली : हा रस जंतूला मारत नाही, त्याला चिकटू देत नाही. जंतूच्या अंगावर बारीक केसांसारखे आकडे असतात, त्यांनी तो अस्तर पकडतो. क्रॅनबेरीत ए-टाइप प्रोअँथोसायनिडिन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे या आकड्यांची पकड बसत नाही. पकड नाही बसली की जंतू लघवीबरोबर वाहून जातो.

वर्गात मी हे असं समजावते : भिंतीला शेवाळ धरू नये म्हणून आधीच रंग लावणं वेगळं आणि धरलेलं शेवाळ खरवडून काढणं वेगळं. क्रॅनबेरी रंगाचं काम करते, खरवडण्याचं नाही. जंतू एकदा चिकटून वाढायला लागले की ते काम अँटिबायोटिकचं.

चाचण्या काय सांगतात?

वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेने या विषयाचा अनेकदा आढावा घेतला. 2012 च्या आढाव्यात क्रॅनबेरीचा फारसा उपयोग दिसला नव्हता. 2023 साली 50 चाचण्या आणि 8,857 लोकांची माहिती हाताशी आली, तेव्हा चित्र बदललं. उपयोग दिसला तो यांना :

• वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायका : धोका साधारण 26 टक्क्यांनी कमी
• मुलं : साधारण 54 टक्क्यांनी कमी
• उपचारांमुळे, उदाहरणार्थ मूत्राशयाच्या भागात रेडिएशन घेतल्यामुळे, इन्फेक्शनचा धोका वाढलेले लोक : साधारण 53 टक्क्यांनी कमी

आणि फारसा फायदा दिसला नाही तो यांना :

• वृद्धाश्रमासारख्या संस्थांत राहणारी वयस्कर माणसं
• गरोदर बायका
• मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याचा आजार असलेले

26 टक्के म्हणजे किती? समजा, वारंवार त्रास होणाऱ्या 100 बायकांपैकी 50 जणींना वर्षभरात पुन्हा इन्फेक्शन होणार आहे. क्रॅनबेरी नियमित घेतली तर तो आकडा 37 वर येईल. 13 जणी वाचल्या, ही छोटी गोष्ट नाही. पण 37 जणींना त्रास झालाच, हेही लक्षात ठेवायचं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये क्रॅनबेरीच्या पाकिटावर असा दावा छापायला मर्यादित परवानगी दिली. अट अशी की पुरावा 'मर्यादित' आहे हेही लिहायचं, आणि दावा फक्त आधी इन्फेक्शन होऊन गेलेल्या निरोगी बायकांपुरता. त्यासाठी रोज 240 मिलिलिटर, किमान 27 टक्के रस असलेलं पेय, किंवा 500 मिलिग्रॅम क्रॅनबेरी पावडरची गोळी, असं प्रमाण धरलं आहे. आणखी एक गोष्ट वाचकांना माहीत असावी : यातल्या काही चाचण्यांना क्रॅनबेरी उद्योगाचाच पैसा होता. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, पण वाचताना डोळे उघडे ठेवावेत.

इतर फायद्यांचं काय?

हृदय, दात, पोटातला अल्सर, इतकंच काय कॅन्सरही. क्रॅनबेरीच्या नावावर यादी लांबलचक आहे. त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलेलं आहे. बशीत दिसलं म्हणजे माणसाच्या शरीरात सिद्ध झालं असं होत नाही. कॅन्सर क्रॅनबेरीने बरा होतो असं सांगणारा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. दातांवर जंतू चिकटू नयेत म्हणून गोड ज्यूस प्यायचा, यात तर विनोदच आहे. साखर दात किडवते आणि आंबट रस दाताचं वरचं आवरण झिजवतो. लाल-जांभळ्या रंगाची अँथोसायनिन द्रव्यं चांगली असतात, पण ती जांभळात, डाळिंबात, काळ्या द्राक्षांतही असतात.

कुणी जपून घ्यावी?

• रक्त पातळ करणारी वॉरफेरिन गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नियमित क्रॅनबेरी सुरू करू नये. गोळीचा परिणाम वाढण्याची शंका सांगितली जाते.
• ऑक्सलेटचे मुतखडे होणाऱ्यांनीही आधी विचारावं, विशेषतः गोळ्या-पावडरबाबत.
• शुगर असलेल्यांनी गोड ज्यूस आणि सुकी क्रॅनबेरी टाळलेली बरी.
• लहान मुलांना 'नैसर्गिकच आहे' म्हणून आपल्या मनाने गोळ्या देऊ नयेत. मुलाला वारंवार इन्फेक्शन होत असेल तर त्याचं कारण शोधणं जास्त गरजेचं असतं.
• जास्त प्यायल्यास पोट बिघडतं, जुलाब होतात.

कॅप्सूलबद्दल एक सूचना. पुष्कळ कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. हलालची काळजी घेणाऱ्यांनी आवरण वनस्पतीजन्य आहे का हे डबीवर वाचून घ्यावं.

स्वयंपाकघरात क्रॅनबेरी

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्या दिवशीच्या भाजलेल्या टर्कीबरोबर क्रॅनबेरीचा सॉस हवाच. आपल्याकडे कबाबबरोबर चटणी हवी, तसं. रशियात याच कुळातल्या छोट्या क्रॅनबेरीचं 'मोर्स' नावाचं सरबत करतात. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय घरांत तर नोव्हेंबरमध्ये ताजी क्रॅनबेरी आली की तिचं चक्क लोणचं पडतं. आंबट फळ दिसलं की आपला हात मोहरी-हिंगाकडे जाणारच!

भारतात ताजं फळ क्वचित मिळतं. मोठ्या शहरांत फ्रोझन मिळते, आणि सुकी तर क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या ड्रायफ्रूटच्या दुकानापर्यंत पोहोचली आहे. ताजी असेल तर टणक, चमकदार फळं निवडा, मऊ पडलेली काढून टाका. फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे आणि फ्रीझरमध्ये वर्षभर टिकते. फ्रीझरमधली शिजवण्याआधी वितळवायची गरज नाही.

1. क्रॅनबेरी सॉस

ताजी किंवा फ्रोझन क्रॅनबेरी 340 ग्रॅम, पाणी 1 कप, साखर 1 कप. पाणी-साखर उकळा, फळं टाका. काही मिनिटांत ती टपटप फुटायला लागतात. मध्यम आचेवर साधारण 10 मिनिटं शिजवा आणि उतरवा. गरम असताना पातळ वाटलं तरी आणखी आटवू नका. फळातल्या पेक्टिनमुळे थंड झाल्यावर आपोआप घट्ट होतं. संत्र्याची किसलेली साल किंवा दालचिनीचा तुकडा टाकला तर वास छान येतो. भाजलेल्या चिकनबरोबर मस्त लागतो. साखर पाऊण कपापर्यंत कमी करता येते.

2. क्रॅनबेरीचं झटपट लोणचं

क्रॅनबेरी 340 ग्रॅम अर्धी अर्धी चिरून घ्या. 4 मोठे चमचे तेल तापवून 1 छोटा चमचा मोहरी तडतडवा, अर्धा चमचा हिंग, अर्धा चमचा हळद घाला. फळं टाकून परता. 2 मोठे चमचे लाल तिखट, अर्धा छोटा चमचा भाजलेल्या मेथीची पूड, चवीप्रमाणे मीठ आणि 2 मोठे चमचे गूळ घाला. फळं मऊ होईपर्यंत 5-6 मिनिटं शिजवा, पण पार लगदा करू नका. थंड झालं की काचेच्या बरणीत भरा. हे मुरवलेलं लोणचं नाही, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोनेक आठवड्यांत संपवा. खिचडी किंवा दालचा-चावलबरोबर खाऊन बघा.

3. सुक्या क्रॅनबेरीचा पुलाव

इराणी घरांत झरिश्क पुलाव करतात. झरिश्क हे लाल, आंबट, सुकं फळ; क्रॅनबेरीपेक्षा वेगळं. ते मिळत नाही तिथे बरेच जण सुकी क्रॅनबेरी वापरतात. 2 कप बासमती मोकळा शिजवून घ्या. पाव कप सुकी क्रॅनबेरी 10 मिनिटं कोमट पाण्यात भिजवून निथळा, म्हणजे वरची थोडी साखर उतरेल. एक मोठा चमचा तुपात उभा चिरलेला कांदा तांबूस परता, क्रॅनबेरी टाकून मंद आचेवर फक्त एक मिनिट हलवा. साखरेमुळे ती पटकन जळते आणि कडू होते. लिंबाचा रस, दुधात भिजवलेलं केशर, मीठ घालून भातात हलक्या हाताने मिसळा आणि दम द्या. सोबत चिकन असेल तर आणखी काही नको.

दोन गोष्टी सांभाळा. ताजी क्रॅनबेरी गरम दुधात टाकू नका, दूध फाटतं. खीर-शेवयांसाठी ती नाही. आणि केकमध्ये खायचा सोडा जास्त झाला तर फळाभोवती निळसर-हिरवट डाग दिसतात. घाबरू नका, केक बिघडलेला नसतो. फळातला रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर होतो. सातवीच्या विज्ञानात जास्वंदीच्या पाण्याचा प्रयोग असतो ना, तोच हा प्रकार.

ज्यूसआधी पाणी, मेसेजआधी डॉक्टर

आता पुन्हा त्या मुलीकडे येते. तिला इन्फेक्शन झालं कशामुळे, हे मी नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "टीचर, मी सकाळी घरून निघाल्यावर पाणीच पीत नाही. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि तिथे जाववत नाही." वर्गातल्या इतर मुलींना विचारलं तर निम्म्या जणींचं उत्तर तेच. पाण्याच्या बाटल्या जशा भरून येत तशाच भरलेल्या घरी जात होत्या.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या 140 बायका निवडल्या होत्या. निम्म्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षअखेर त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. नुसत्या पाण्याने त्रास जवळपास निम्म्यावर आला. त्याला ना बाटली लागते ना परदेशी फळ. (मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी अर्थातच डॉक्टरांचं ऐकावं.)

म्हणून घरात ही यादी लक्षात असू द्या :

• लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा लागणं, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त : डॉक्टरकडे जा, लघवीची तपासणी करा.
• त्यासोबत थंडी वाजून ताप, पाठीत-कुशीत कळा, उलट्या : त्याच दिवशी दवाखाना. थांबू नका.
• गरोदर बाई, लहान मूल, शुगरचा पेशंट किंवा पुरुष असेल तर पहिल्या लक्षणालाच दाखवा.
• अँटिबायोटिक दिलं तर सांगितले तितके दिवस घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि शेजारणीची उरलेली गोळी घेऊ नका.
• त्रास नसतानाही दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, लघवी तुंबवून ठेवू नका, स्वच्छता करताना पुढून मागे करा.
• एवढं करूनही वर्षात तीन वेळा किंवा सहा महिन्यांत दोन वेळा त्रास झाला, तर डॉक्टरांना विचारून क्रॅनबेरीचा विचार करा. तिची खरी जागा ही आहे.

आमच्या शाळेत आता दुसऱ्या तासानंतर 'पाण्याची घंटा' होते आणि मुलींच्या बाथरूमची सफाई दिवसातून दोनदा होते. त्यासाठी पालक सभेत चार आयांना उठून बोलावं लागलं. सगळ्यात आधी उभ्या राहिल्या त्या त्याच मुलीच्या अम्मी. तुमच्या मुलीला आज संध्याकाळी एवढंच विचारा : शाळेत पाणी पितेस का, आणि नसशील पीत तर का? उत्तर ऐकून घ्या. क्रॅनबेरीचं लोणचं त्यानंतर घालू.